‘यूट्यूब चालतंय ना? मग झालं तर!’

घरातल्या जुन्या लॅपटॉपवर स्वतःची वेबसाइट चालवायला निघालो आणि कळलं, आपण ज्याला इंटरनेट म्हणतो त्याला बाहेर जायचा रस्ता आहे, आत यायचा नाहीच!

तर झालं असं.

आमचं देवगाव फाटा म्हणजे नावाप्रमाणं फाटाच. तालुका सेलू, जिल्हा परभणी. जालना-मंठ्याकडून जिंतूरकडं जाणारा मोठा रस्ता आणि त्याला फुटलेला सेलूचा रस्ता. चहाची हॉटेलं, पंक्चरवाला, झेरॉक्स, कृषी सेवा केंद्र आणि गाडीची वाट बघत उभी असलेली माणसं. ‘‘सेलूची गाडी गेली का हो?’’ हा इथला राष्ट्रीय प्रश्न. त्याचं उत्तर चहावाले काका देतात, आणि ते बऱ्याचदा चुकतं.

मला वाटलं, याचं एक साधं वेबपेज करू. कोणती एसटी साधारण किती वाजता फाट्यावर येते, आज कोणती आलीच नाही, एवढंच. सोबत चारठाण्याच्या जुन्या मंदिरांचे एका मित्रानं काढलेले फोटो. डिप्लोमाला असताना घेतलेला लॅपटॉप घरात पडून होता. स्क्रीन फुटलेला, बॅटरी मेलेली, पण आतून ठणठणीत. त्यावर लिनक्स टाकलं, वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर टाकलं. सगळं फुकट. सर्व्हर म्हणजे काही एसीच्या खोलीतलं अवाढव्य यंत्रच असावं लागतं असं नाही. कुणी पान मागितलं की ते देतो, तो सर्व्हर. माझा सर्व्हर फडताळात, डाळीच्या डब्यांशेजारी बसला.

घरच्या वायफायवर पान झकास उघडलं. आईच्या मोबाइलवर उघडलं, बहिणीच्या उघडलं. मग मी वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बघितलं. नुसतं गोल गोल फिरतंय. फिरतंय, फिरतंय आणि मग ‘ही साइट उघडू शकत नाही’. राउटरमध्ये जाऊन पोर्ट फॉरवर्ड केलं. नाही. फायरवॉल तपासली. नाही. ८० नंबरचं पोर्ट सोडून ८०८० लावून बघितलं. तरी नाही. तीन रात्री गेल्या. आजी उठून विचारायची, ‘‘काय करायलास रे रातभर?’’

चौथ्या दिवशी कस्टमर केअरला फोन लावला. मी म्हणलं, बाहेरून माझ्या पोर्टवर कनेक्शन येत नाही. पलीकडच्या ताईंनी शांतपणे विचारलं, ‘‘सर, नेट चालू आहे ना? यूट्यूब चालतंय ना?’’

चालतंय.

‘‘मग सर, आमच्याकडून काही प्रॉब्लेम दिसत नाही.’’

त्यांची चूक नव्हती. त्यांच्यासमोरच्या स्क्रीनवर हाच प्रश्न असणार. मात्र तो माझ्या डोक्यातून जाईना. यूट्यूब चालतंय, म्हणजे इंटरनेट चालतंय. आमच्यासाठी इंटरनेटची व्याख्या एवढीच?

एका दाराला दोन कुलपं

दोन दिवसांनी केबल जोडणारा दादा बाइकवरून आला. त्यानं एका वाक्यात विषय संपवला. ‘‘ते पोर्ट-बिर्ट वरूनच बंद असतंय. स्टॅटिक आयपी घ्यावा लागंल, बिझनेस प्लॅनमधी.’’ त्या प्लॅनचं महिन्याचं बिल आमच्या घरच्या बिलाच्या जवळजवळ दुप्पट. एसटीच्या वेळापत्रकाचा बिझनेस कोण करणार?

मग मी नीट वाचायला बसलो. कळलं ते असं. इंटरनेटवर प्रत्येक घराला एक पत्ता असतो, आयपी अ‍ॅड्रेस. त्या पत्त्यावर आत यायला नंबर घातलेली दारं असतात, ती पोर्टं. एकाच पत्त्यावर ६५ हजारांहून जास्त. वेबसाइट साधी असली तर ८० नंबरचं दार, ब्राउझरमध्ये कुलपाचं चित्र दिसणारी असली तर ४४३. ईमेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडं जाताना २५. घरगुती कनेक्शनवर अनेक कंपन्या हीच ठरावीक दारं बाहेरून बंद ठेवतात. हे पहिलं कुलूप. तेवढंच असतं तर दुसऱ्या नंबरचं दार उघडून काम भागतं. फक्त वेबसाइटच्या पत्त्यापुढं तो नंबरही लोकांना टाइप करावा लागतो.

माझ्या घरी मात्र दुसरं कुलूप होतं, जास्त पक्कं. राउटरच्या पानावर मला मिळालेला पत्ता १०० या आकड्यानं सुरू होत होता. आणि ‘माझा आयपी काय’ असं विचारल्यावर वेबसाइट भलताच आकडा दाखवत होती. म्हणजे जगाला दिसणारा पत्ता माझा नव्हताच. तो कंपनीचा होता आणि माझ्यासारख्या कितीतरी घरांत वाटलेला होता. याला म्हणतात सीजीनॅट. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ च्या एप्रिलमध्ये खास याच कामासाठी राखून ठेवले गेले. तुमच्या राउटरच्या पानावर यातला आकडा दिसला तर रात्री जागू नका. झोपा. पोर्ट फॉरवर्ड करून काहीही होणार नाही.

घरातल्या मोठ्यांना एसटीडी पीसीओचा जमाना आठवत असेल. फाट्यावर एकच बूथ. तिथून कुणीही पुण्याला फोन लावू शकायचा. पण पुण्याहून कुणी त्याच नंबरवर उलटा फोन केला, तर तो नेमका कुणासाठी? सीजीनॅट हुबेहूब तसंच. फरक एवढाच, की बूथवाला ओळखीचा असला तर पोरगं धाडून निरोप तरी द्यायचा. सीजीनॅट तेवढंही करत नाही. बाहेरून आलेला फोन तिथल्या तिथं मरतो.

कंपनीचंही ऐकून घेऊ

आता लगेच कंपनीच्या नावानं शंख करायचा, असं नाही. त्यांची कारणं खोटी नाहीत.

पहिलं कारण पत्त्यांचा दुष्काळ. जुन्या पद्धतीचा आयपी अ‍ॅड्रेस ३२ बिटांचा. म्हणजे सगळे मिळून पत्ते साधारण ४२९ कोटी. जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या पुढं आणि एकेका घरात चार-चार मोबाइल. जागतिक साठ्यातले मोकळे पत्ते ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाचा साठा त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये तळाला गेला. त्यानंतर धंद्यात आलेल्या छोट्या कंपनीनं प्रत्येक घराला स्वतंत्र पत्ता आणायचा कुठून?

दुसरं कारण सुरक्षा. २५ नंबरचं दार सताड उघडं ठेवलं की व्हायरस लागलेले घरगुती कम्प्युटर जगभर स्पॅम पाठवत बसतात. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या व्हायरसनं कंपनीचा मूळ पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्या फौजेनं ऑक्टोबर २०१६ मध्ये केलेल्या हल्ल्यात ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास कोलमडल्या होत्या. आमच्या फाट्यावरच्या हॉटेलांमधल्या सीसीटीव्हींचा पासवर्ड काय असेल, हे मी न बघताही सांगू शकतो. तेव्हा ज्याला गरज नाही त्याचं दार मुळात बंद असणं बरंच. मी कंपनीत असतो तर मीही बंदच ठेवलं असतं.

फक्त किल्ली घरमालकाकडं दिली असती.

माझं भांडण तेवढंच आहे. बंद आहे यावर माझा आक्षेप नाही. ते बंद आहे हे कनेक्शन देताना कुणी सांगत नाही, मागितलं तरी उघडून मिळत नाही, आणि राउटरचा पासवर्डसुद्धा अनेकदा कंपनीकडंच असतो, यावर आहे. भाड्याच्या खोलीतसुद्धा मालक सांगतो, बाबा रे, रात्री दहानंतर गेट बंद. इथं गेट आहे हेच कुणी सांगितलं नव्हतं.

‘कुणाला लागतंय रे हे?’

मित्र म्हणाला, ‘‘हजारात एकाला लागतंय. इन्स्टावर टाक की वेळापत्रक. नाहीतर फुकटातलं होस्टिंग घे.’’ मुद्दा बरोबर आहे. पाच मिनिटांत काम झालं असतं. बँकेची किंवा दवाखान्याची वेबसाइट असती तर मीच म्हणलं असतं, घरी ठेवू नका. आमच्याकडं लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

पण दोन गोष्टी आहेत.

एक, शिकणं. डिप्लोमाला आम्ही ‘क्लायंट-सर्व्हर’ची आकृती काढायला शिकलो. एक चौकोन, दुसरा चौकोन, मध्ये बाण. परीक्षेत पूर्ण मार्क पडले. पण बाहेरच्या माणसाला उघडेल असा सर्व्हर तीन वर्षांत एकानंही चालवला नाही. खरं सांगतो, त्या चार रात्रींत जेवढं नेटवर्किंग कळलं तेवढं आख्ख्या सेमिस्टरमध्ये कळलं नव्हतं. शहरातल्या पोरांच्याही घरी सीजीनॅटच असतं. पण त्यांच्याकडं ऑफिसची लाइन असते, डॉलरमध्ये पैसे भरायला कार्ड असतं, विचारायला सीनियर असतो. गावाकडच्या पोराकडं असतो तो घरचा एक जुना लॅपटॉप आणि घरची एक वायर. ती वायर एकाच बाजूनं चालत असेल तर तो बघणाराच होणार. बनवणारा कधी होणार?

दोन, आपलं सामान कुणाच्या घरात आहे? ऑर्कुट आठवतंय का? नसेल तर ताई-दादाला विचारा. ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. त्याआधी २००९ मध्ये जिओसिटीज गेलं, लोकांनी हातानं बनवलेली लाखो पानं घेऊन. दुसऱ्याच्या वाड्यात फुकट राहिलं की कधी ना कधी ‘उद्या खाली करा’ म्हणतात. आणि हे फक्त वेबसाइटचं नाही. हॉटेलातला सीसीटीव्ही मालक घरी बसून मोबाइलवर बघतो. बहुतेक वेळा त्या कॅमेऱ्याला मोबाइलशी जोडायलाही मध्ये कंपनीचा सर्व्हर लागतो, कारण थेट घरात यायला रस्ताच नाही. दोन्ही टोकं आपली, मधला पूल दुसऱ्याचा.

खरं तर वेब जन्मालाच आलं ते एका माणसाच्या टेबलावर. १९९० मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेतल्या आपल्या कम्प्युटरवर पहिला वेब सर्व्हर चालवला. त्यावर हातानं लिहून एक चिठ्ठी चिकटवली होती. हे मशीन सर्व्हर आहे, बंद करू नका, अशा अर्थाची. हे मी वाचलं त्याच आठवड्यात आईनं मिक्सर लावायला माझ्या सर्व्हरचा प्लग काढला होता. मीही चिठ्ठी लावली. ‘आई, हे बंद करू नको.’ जगातल्या पहिल्या वेब सर्व्हरची आणि देवगाव फाट्यावरच्या सर्व्हरची अडचण एकच होती, याचा मला फार अभिमान वाटला.

मागच्या दारानं

जुगाड आहेच. त्याला टनेल म्हणतात. बाहेरून फोन येत नाही ना? मग आपणच आतून बाहेर फोन लावायचा आणि तो ठेवायचाच नाही. म्हणजे घरचा लॅपटॉप बाहेरच्या एखाद्या सर्व्हरशी कनेक्शन जोडून ते चालू ठेवतो. लोक त्या बाहेरच्या सर्व्हरवर येतात आणि तो त्यांना त्याच चालू लाइनवरून आत आणतो. काही कंपन्या ही सोय फुकट देतात. पण त्यातल्या काहींत वेबसाइटचं कुलूप त्यांच्याच दारात उघडतं, म्हणजे येणारं-जाणारं सगळं त्यांना दिसू शकतं. दुसरा मार्ग म्हणजे बाहेर एक छोटा सर्व्हर महिन्याला काही शे रुपये भाड्यानं घ्यायचा आणि टनेल स्वतःच बांधायचा. मी मित्राच्या कार्डवरून सिंगापूरमधल्या एका कम्प्युटरचा कोपरा भाड्यानं घेतला.

ज्यांना पहिलंच कुलूप आहे, म्हणजे पत्ता स्वतःचा पण ८० नंबरचं दार बंद, त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. वेबसाइटच्या कुलपाचं फुकट प्रमाणपत्र मिळवताना तपासणी नेहमी ८० नंबरच्या दारातूनच व्हावी लागते असं नाही. डोमेनच्या नोंदीत एक ओळ टाकूनही ती होते. मी तिथं एक दिवस घालवला, तुम्ही घालवू नका. आणि काहीही उघडण्याआधी पासवर्ड बदला, अपडेट करा. दार उघडलं की पाहुण्यांबरोबर चोरही येतो.

मागितलं की मिळतं

आपल्या देशात अशी बंद दारं आधीही उघडली आहेत. १ एप्रिल २००२ च्या आधी इंटरनेटवरून फोन करायला भारतात परवानगी नव्हती. कंपन्यांनी तशा सेवा अडवाव्यात अशीच अपेक्षा होती. आज दुबईला गेलेला गावचा माणूस रोज रात्री व्हिडिओ कॉलवर लेकराशी बोलतो, आणि कधीकाळी हे बेकायदा होतं हे कुणाला खरंही वाटत नाही. २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीसाठी लोकांनी ‘ट्राय’कडं दहा लाखांहून जास्त ईमेल पाठवले. फेब्रुवारी २०१६ मध्ये वेगवेगळ्या साइटना वेगवेगळे दर लावायला बंदी झाली. जुलै २०१८ मध्ये कुठलीही साइट अडवणं किंवा मुद्दाम हळू करणं याविरुद्धचे नियम सरकारनं मान्य केले. अमेरिकेत गुगल फायबरनं घरी सर्व्हर चालवायला मनाई केली होती. टीका झाल्यावर २०१३ मध्ये वैयक्तिक, बिनधंद्याच्या सर्व्हरला त्यांनी मोकळीक दिली.

नेट न्यूट्रॅलिटीच्या वेळी आपण भांडलो ते ‘मला काय बघू देता’ यावर. आता ‘मला काय दाखवू देता’ यावर बोलायची वेळ आली आहे.

आणि पत्त्यांच्या दुष्काळावर औषध नाही असंही नाही. नवी पद्धत, आयपीव्ही६, १२८ बिटांची आहे. त्यात पत्ते इतके, की फाट्यावरच्या प्रत्येक बल्बला एकेक देता येईल. मोबाइल नेटवर्कमुळं भारत आयपीव्ही६ वापरात जगातल्या आघाडीच्या देशांत आहे. दूरसंचार विभागानं नोव्हेंबर २०२१ मध्येच सांगून ठेवलंय, की ३१ डिसेंबर २०२२ नंतरचं वायरवरचं प्रत्येक नवं घरगुती कनेक्शन आयपीव्ही६ चालवू शकणारं असलं पाहिजे. आमच्या राउटरमध्येही ते बटण आहे. बंद आहे. केबलवाल्या दादाला विचारलं तर म्हणाला, ‘‘ते असू दे तसंच, नेट बंद पडंल.’’

मागण्या मोठ्या नाहीत. कनेक्शन देताना स्पीड आणि ओटीटीच्या यादीसोबत एवढं लिहून द्या, की पत्ता स्वतंत्र आहे की वाटून दिलेला, आणि कोणती पोर्टं बंद आहेत. दारं मुळात बंद ठेवा, पण ग्राहकानं सही करून किंवा ओटीपी टाकून मागितली तर उघडा. आयपीव्ही६ कागदावर नको, घरात द्या, आणि राउटरची किल्लीही द्या. घरगुती ग्राहकाला स्वतंत्र पत्ता हवा असेल तर त्याला दुकानदार समजून बिल लावू नका. आणि आपल्यासाठी एक. पुढच्या वेळी कनेक्शन घेताना ‘स्पीड किती?’ विचारून झालं की एवढंही विचारा, ‘पब्लिक आयपी मिळतो का? आयपीव्ही६ चालू आहे का?’ एकानं विचारलं तर केबलवाला हसेल. पन्नास जणांनी विचारलं तर तो वरती फोन लावेल.

माझं पान आता चालू आहे. परवा चहावाल्या काकांच्या मोबाइलवर उघडून दिलं. त्यांनी वेळा वाचल्या, दोन चुका काढल्या, मग विचारलं, ‘‘हे कुठून यायलंय रे?’’ मी रस्त्यापलीकडं बोट दाखवलं. ‘‘ते काय, आमच्या फडताळातून.’’

हॉटेलापासून आमचं घर दोनशे पावलांवर. काकांनी पान मागितलं की ती मागणी आधी सिंगापूरला जाते, तिथून आमच्या फडताळात येते, पान घेऊन परत सिंगापूरला जाते आणि मग काकांच्या हातात पडते. हे मी त्यांना सांगितलं नाही. ते म्हणाले असते, ‘‘अरे, मग मधी रस्ता ओलांडून आला असतास तर?’’

आणि त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.